पाच घरांचं जुनेर

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात सासरी डोहाळजेवण होतं, मग आई जाऊन लेकीला घेऊन येते, आणि बाळाने मान धरली की सासरचे येऊन दोघांना घेऊन जातात. मधले सगळे महिने आईचे. त्या महिन्यांवर मी लेकीच्या लग्नापासून डोळा ठेवून होते, हे आधीच सांगून टाकते.

मी पारनेरमध्ये एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना चष्मा आणि टेबल दिसतं. मी झाडून काढते, वर्तमानपत्रं दांडीला लावते आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मोबाईलवर बोलू नका म्हणून ओरडते. मानधन अनुदानावर, आणि अनुदान त्याच्या मर्जीवर. आमचे हे सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर उभे असतात, ठेकेदाराकडून. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. एकुलती एक लेक दिली ती श्रीगोंद्याकडे, उसाच्या पट्ट्यात. तिकडे पाटाचं पाणी, स्लॅबचं घर, एका खोलीत एसी. आम्ही जिरायतवाले, ते बागायतवाले. सोयरीक जमली तेव्हा जो तो म्हणाला, पोरीने नशीब काढलं. आणि ते खरंच होतं.

सासूला ती मम्मी म्हणते, मला आई. कुणी म्हणेल, आई हा शब्द मोठा. पण ‘मम्मी असं म्हणतात’, ‘मम्मींना ते चालत नाही’ हे फोनवर वाक्यावाक्याला ऐकलं की कोण मोठं ते आपोआप कळतं.

गोड बातमी आली त्या दिवशी मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग वर पत्र्याकडे पाहिलं. दिवस भरायचे होते वैशाखात. आमच्या पत्र्याखाली वैशाखात मांजरसुद्धा निजत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, त्यामुळे नवं छत घालायचा विषयच नव्हता. मग ह्यांनी एक शोधून काढलं. कंपनीत नवी मशिनं येतात ती थर्माकोलात बसवलेली असतात, आणि ते थर्माकोल भंगारात जातं. ह्यांनी ते मागून घेतलं. ड्युटी सुटली की मोटारसायकलच्या मागे बांधून आणायचे. वाऱ्याने गाडी इकडची तिकडे व्हायची आणि लोक हसायचे. पत्र्याखाली तारा ओढून त्यांनी ते तुकडे एकेक करून अडकवले. एकाचं माप दुसऱ्याला नव्हतं. कुठे खाच, कुठे गोल भोक, कुठे मशीनच्या पायाचा खड्डा. काम झाल्यावर खाली उभे राहून ते मला विचारायचे, "ऊन कमी लागतंय ना गं?" होतं तेवढंच लागत होतं. मी म्हणायचे, "लई फरक पडलाय."

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर. बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी लागतं, बाळाचं वेगळं, लंगोट धुवायचं वेगळं. मी एक निळा ड्रम आणला. त्यात आधी कसलं तरी औषध होतं, त्याचा वास जाईपर्यंत तो घासला. घासताना कंबर धरली, पण मनात म्हटलं, होऊ दे, लेकीचं आहे.

राहिले बाळाचे कपडे. बाळाला पहिल्यांदा नवं घालायचं नसतं, जुनं मऊ सुती घालायचं. आमच्या शेजारी एक म्हातारी राहते. आळीतली निम्मी बाळं तिने पायावर घेऊन न्हाऊ घातलेली आहेत, माझी लेकसुद्धा. ती म्हणाली, "पाच लेकुरवाळ्यांच्या घरचं जुनेर माग. ज्यांची पोरं जगली-वाढली त्यांचंच. इकत न्हाई घ्यायचं, मागूनच आनायचं. त्येची दुपटी शिव. पाच घरचं आयुष्य लागतंय लेकराला."

मला ही रीत फार आवडली. आणि खरं सांगायचं तर तिला एक पैसा लागत नव्हता, हे जास्त आवडलं. रीत आणि काटकसर अशा गळ्यात गळा घालून क्वचितच दारात येतात. मी पिशवी घेऊन निघाले.

निघाल्यावर कळलं की गावात सूतच उरलेलं नाही. बायका घरात मॅक्सी घालतात, बाहेर जाताना सिंथेटिक. जुनी लुगडी होती ती भांडीवालीच्या बोचक्यात गेली आणि त्यांच्या स्टीलच्या पराती झाल्या. एका घरी बाईने मला तीन पराती काढून दाखवल्या आणि म्हणाली, "ही बघा माझ्या सासूची लुगडी." दुसऱ्या घरी एकीने मच्छरदाणी देऊ केली. मी म्हटलं, बाई, मला बाळ गुंडाळायचंय, मासे नाही धरायचे.

पण मिळत गेलं. एका निवृत्त हेडमास्तरांच्या बायकोने नवऱ्याचं धोतर दिलं, पिठासारखं मऊ. बाजारपेठेतल्या एका चहावालीने आईचं नऊवारी फाडून अर्धं मला दिलं, अर्धं स्वतःला ठेवलं, आणि फाडताना तिला रडू आलं. सगळ्यांत चांगलं कापड मिळालं एका ख्रिस्ती बाईकडून. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आता घरीच असते. तिच्याकडे ड्युटीच्या पांढऱ्या सुती साड्या इस्त्री करून ठेवलेल्या. मी घरी येऊन म्हातारीला विचारलं, पाचांत एक घर ख्रिस्ती चालेल का. म्हातारी म्हणाली, "तिची पोरं जगली का वाढली?" म्हटलं, तिन्ही पोरं मोठी झाली, एक तर परदेशात आहे. "मंग चालतंय की. कापडाला काय जात असती व्हय?"

पाचही घरांचं मिळून एक गाठोडं झालं. वाचनालय दुपारी बंद असतं, तेव्हा मी तिथेच मशीन नेऊन ठेवलं आणि शिवत बसले. दुपटी, लंगोट, बिनबाह्यांची झबली, टोपडी. शिवण आतून आली तर बाळाला टोचते, म्हणून सगळी शिवण बाहेरून घातली. मला आयुष्यात कशाचा अभिमान वाटला असेल तर त्या शिवणीचा. फोनवर लेकीला मी एकेक सांगायचे, आज हे झालं, उद्या ते करीन, थर्माकोल बसलं, ड्रम आला. ती म्हणायची, "हो का? छान." मध्येच विचारायची, "आई, तिकडं टँकर दिवसाआड येतो का गं अजून?" मी म्हणायचे, त्याची काळजी तू नको करू, मी आहे. ती ‘बरं, ठेवते’ म्हणायची. मला वाटायचं, पोटुशी बाई, दमत असेल.

डोहाळजेवणाला मी खण-नारळ, साडी, हिरव्या बांगड्या आणि ते गाठोडं घेऊन गेले. हे कंपनीतून सुट्टी न मिळाल्याने आले नाहीत. दोन गाड्या बदलून श्रीगोंदा गाठलं. मंडप घातलेला, फुलांचा झोपाळा, मागे पडद्यावर चंद्र-चांदण्या आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. लेक फुलांच्या दागिन्यांत बसली होती. इतकी सुंदर दिसत होती की मी लांबूनच बोटं मोडली. फोटोवाला तिला पोटावर हात ठेवायला सांगत होता आणि ती ठेवत होती.

ओटी भरून झाली, बायका जेवल्या. मग मी गाठोडं सोडलं. कशाला सोडलं? दाखवायला! माझ्याने राहवेना. एकेक दुपटं हातोहात फिरायला लागलं. बायका बोटांनी कापड चोळून पाहत होत्या, मऊ आहे म्हणत होत्या. त्यांच्यात आमच्याच पारनेरकडची, तिकडे दिलेली एक बाई होती. ती हसत हसत सगळ्यांना म्हणाली, "अवो, ह्या तर घरोघर जुनी कापडं मागत फिरत हुत्या. माझ्या भावजयीकडं बी गेल्त्या." मी रीत सांगायला लागले, पाच घरं, लेकुरवाळ्या, आयुष्य. पण एकदा ‘मागत फिरत होती’ हे कानावर पडलं की पुढचं कोण ऐकतं? दोघीतिघी एकमेकींकडे पाहून हसल्या. विहीणबाईंनी दुपट्यांची नीट घडी घातली, गाठोडं बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मी आत जाऊन लेकीची बॅग भरली, तेवढ्यात विहीणबाई आल्या. दार लोटून म्हणाल्या, "विहीनबाई, राग मानू नका. बाळंतपन आमी हितंच करतो."

"असं कसं? पहिलं माहेरचं असतं."

"असतंय. पन ऊन बगा. पत्रा बगा. हितं डॉक्टर जवळ हाय, पानी हाय. आमच्याकडं काय कमी हाय का?"

त्यांच्याकडे काही कमी नव्हतं, हेच तर दुखणं होतं. मी लेकीकडे पाहिलं. ती फुलांचा कंबरपट्टा सोडत होती, मान खाली. मी म्हटलं, "तू सांग. तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "आई, मम्मी एवढं म्हणतात तर... आणि तुझीपण ओढाताण नको गं." ओढाताण! मी पाचव्या महिन्यापासून ज्याला हौस म्हणत होते त्याला तिने इतका साधा शब्द लावला. मी तिची बॅग भरलेली होती ती पुन्हा रिकामी करून कपडे कपाटात लावले. माझ्याच हाताने लावले.

परत येताना गाडीत गाठोडं मांडीवर होतं. शेजारची बाई म्हणाली, "बाळ झालं का घरात?" मी खिडकीकडे तोंड केलं.

हे स्टँडवर वाट पाहत उभे होते. दोघी उतरतील म्हणून रिक्षावाल्यालाही थांबवून ठेवलेलं. मी एकटीच उतरले तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला जा म्हणून हात केला. घरी आल्यावर वर थर्माकोलकडे बघत बसले. मी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. ऊन तर लागतंयच." म्हणजे थर्माकोलने काही फरक पडला नाही हे ह्यांना आधीपासून माहीत होतं. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

पुढचे दोन महिने मी विहिणीवर दात खाऊन काढले. दुसरं कामच नव्हतं. भांडी घासताना, वर्तमानपत्रं लावताना, टँकरच्या रांगेत, मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे आणि दर वेळी जिंकायचे. पैशाचा माज आहे, म्हणायचे. माझ्या पोरीला तोंड उघडू देत नाही, म्हणायचे. चार बायकांत माझी शोभा केली आणि त्याच निमित्ताने पोर ठेवून घेतली. मी ती कापडं मागितली नसती, निदान सगळ्यांपुढे उघडली नसती, तर पोर आज घरात असती, असंही वाटायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "तिनं रीत मोडली, तिला सुख न्हाई लागायचं." मी म्हटलं, असं बोलू नका, माझी लेक त्याच घरात आहे. पण ऐकायला बरं वाटलं होतं.

वैशाखात नातू झाला. फोन जावयाने केला. आम्ही दोघं श्रीगोंद्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा विहीणबाई बाहेर बाकावर बसून थर्मासमधून चहा ओतत होत्या. आत बाळ निजलेलं. अंगात एक जुनं, पिवळं पडलेलं झबलं. मी विचारायच्या आधीच विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचं हाय, त्याच्या पयल्या दिवसाचं. जपून ठिवलं हुतं." म्हणजे रीत त्यांनाही माहीत होती. त्यांना फक्त पाच घरं फिरायची गरज नव्हती.

मी गाठोडं नेलं होतं. ते त्यांनी घेतलं, म्हणाल्या, "बरं झालं आनलं, कितीबी लागत्यात," आणि त्यातलं एक धोतराचं दुपटं बाळाच्या ढुंगणाखाली सरकवलं. त्या वेळी माझं डोकं फिरलं. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, दुपटी त्यासाठीच असतात. पण मी त्यांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं आणि दोन महिने मनात घोळवलेलं सगळं ओकले. तुम्ही रीत मोडलीत. चारचौघांत मला भिकारी केलंत. आईपासून लेक तोडलीत. तिला तोंड उघडू दिलं नाहीत. माझा आवाज चढला तशी एक नर्स येऊन बघून गेली. हे मला मागे ओढत होते.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग थर्मासचं झाकण लावत शांतपणे म्हणाल्या, "झालं बोलून? आता ऐका. मी न्हाई ठिवून घेतलं तुमच्या लेकीला. पाचवा लागला तव्हाच तिनं माझे पाय धरले. म्हनली, मम्मी, मला तिकडं धाडू नका, माझ्याच्यानं तिथं न्हाई व्हायचं. पन आईला मी म्हनाले म्हनून सांगू नका, तिला लई लागंल. मी म्हनलं, बरं, माझ्यावर ढकल. सासूला काय, सासू वाईट असतीच."

पाचवा लागला तेव्हाच. म्हणजे थर्माकोल यायच्या आधी, ड्रम यायच्या आधी, पहिल्या घराचं दार मी वाजवायच्या आधी. मी फोनवर शिवण कशी बाहेरून घातली ते सांगत होते आणि ती ‘हो का? छान’ म्हणत होती, तेव्हा तिचं ठरलेलं होतं. मी पिशवी घेऊन गावभर फिरले ते तिला माहीत होतं, आणि तिने मला फिरू दिलं. मी कापडं मागितली म्हणून काही बिघडलं नव्हतं. मी मागितली नसती तरी ती आली नसती.

ह्यांनी विहीणबाईंपुढे हात जोडले. मी जोडले नाहीत. खरं तर मला त्या क्षणी विहीणबाईंचा आणखीच राग आला, कारण आता त्यांच्यावर रागवायची सोयही राहिली नव्हती. लेकीवर रागवावं तर ती ओली बाळंतीण. आणि रागवून म्हणणार काय? तुला थंड हवा हवी, नळाला पाणी हवं, दार लावता येणारी न्हाणी हवी, हे तू मागितलंस कसं? मीही तिच्या जागी असते तर तेच मागितलं असतं. पण मी ते माझ्या आईच्या तोंडावर सांगितलं असतं आणि आईने मला दोन ऐकवल्या असत्या. निदान भांडण तरी आमचं दोघींचं झालं असतं.

मी तोंड धुऊन आत गेले. लेकीने बाहेरचं सगळं ऐकलं होतं, खोलीला पडदाच होता. तिचे डोळे भरलेले होते. तिने बाळ उचलून माझ्या हातात दिलं. इतकं हलकं होतं ते. मी त्याचं तोंड पाहत राहिले, तिच्याकडे पाहिलं नाही.

ती म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी तुझ्याकडंच येईन. नक्की."

पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, त्यानंतरची सगळी सासरची. हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. मी बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "ये."